शब्दांशिवायचं ध्यान

'ज्यू धर्मात ध्यान नाही, नुसतं पठण' असं कुणी कुणी म्हणतात, ते मला काही पटत नाही. हसिदी या ज्यूंच्या भक्तिमार्गी पंथातला निगुन, म्हणजे सामूहिकपणे गायची धून, ऐकून बघा. बहुतेकदा शब्दच नसतात, 'याय-दाय-दाय' नाहीतर 'बिम-बम' एवढंच. तीच ओळ पुन्हा पुन्हा. आधी पुटपुटल्यासारखी, मग टेबलावर बोटांचा ठेका, आणि सूर कधी वर चढला ते कळतही नाही. याच पंथाच्या खबाद शाखेचे संस्थापक श्नेऊर झाल्मन (१७४५–१८१२) यांचा चार भागांचा निगुन म्हणजे चार आध्यात्मिक जगांची चढण मानतात. तो लग्नासारख्या मोजक्या प्रसंगीच गातात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, मात्र मराठी कीर्तनात अब्राहम, मोशेच्या कथा रंगवल्या. तिथे शब्दच शब्द! मला विचाराल तर निगुनच जवळचा.