सप्तशृंगी गडावरचा दसऱ्याचा बोकडबळी: ठरवायचं कोणी?

डोंगरवाट
नवरात्र जवळ आलं की "देवीच्या दारात रक्त कशाला?" हा सवाल पुन्हा सुरू होतो, म्हणून धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गडावर दसऱ्याला बोकडबळीची जुनी रीत आहे. 2016च्या दसऱ्याला मानवंदनेची बंदूक उडवताना छर्रे लागून भाविक जखमी झाले आणि त्यानंतर बळीच बंद केला गेला. धोडांब्याची आदिवासी विकास संस्था न्यायालयात गेली, आणि 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली.

माझं म्हणणं असं की बंदी मुळातच चुकीची होती. अपघात बंदुकीने झाला, बोकडाने नाही. आणि हा गड नुसता साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ नाही. कळवण, सुरगाणा, दिंडोरी, पेठ हा सगळा पट्टा कोकणा, महादेव कोळी, भिल्ल या आदिवासींचा. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव, म्हणजे डोंगरदेवाचा उत्सव, बसतो तेव्हा मावळ्या (त्यात सामील होणारी माणसं) व्रत धरतात, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर रात्र रात्र नाचतात, भगत एकेका गडाला हाक घालतो, पौर्णिमेला सगळे डोंगरावर देवाच्या गुहेशी जातात. तिथे डोंगर हाच देव. बळी हा त्या नात्यातला मान आहे. ट्रॉलीने पाच मिनिटांत वर येऊन दर्शन घेणाऱ्याने हा मान बंद करायला सांगू नये.

पायी_वणी
दादा, मी ट्रॉलीवाला नाही. आम्ही धुळ्याकडून चैत्रात पायी येतो, उन्हात, डांबरावर. खानदेश म्हणजे देवीचं माहेर, तेव्हा गड आमचाही आहे. आमच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या पुरणाचा नैवेद्य जातो, आई तो घेते. मग तिला बोकडच हवा हे कोण ठरवतं? रीत जुनी आहे एवढ्यावर ती योग्य ठरत नाही. जुन्या म्हणून किती रीती आपणच मोडल्या, आणि बरं झालं मोडल्या.

कायद्याचं_बोला
एक माहिती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960चा केंद्रीय कायदा आहे, त्याच्या कलम 28 प्रमाणे एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. "बळी बेकायदेशीर आहे" असं सरसकट लिहू नका.

पायी_वणी
गुन्हा नाही म्हणून चांगलं, असं होत नाही ना.

सुरगाण्याची_बाई
मी कोकणा आहे, शाळेत शिकवते. दोघांशीही थोडं भांडायचंय.

डोंगरवाट, तुम्ही "आदिवासींचा मान" म्हणता तेव्हा आम्ही सगळे एकाच मताचे आहोत असं वाटतं. आमच्याच पाड्यावर निम्म्या घरांत माळकरी आहेत. माझ्या आजोबांनी माळ घातली आणि घरातला बळी थांबला. बोकडाची किंमतही बघा. नवस फेडायला हातउसने पैसे काढणारी घरं मी बघितली आहेत. त्यांना "तुमची संस्कृती जपा" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग येतो.

पण ताई (पायी_वणी, तुम्ही ताई असाल असं धरून चालते), आजोबांनी थांबवलं ते स्वतःच्या मनाने. वरून कोणी हुकूम काढला नव्हता. फरक तिथे आहे. 2022च्या पावसाळ्यात देवीवरचा टनाहून अधिक शेंदूर काढला. खालची कोरीव अठरा हातांची मूर्ती दिसली, जतनासाठी ते गरजेचं असेल, मी विरोध करत नाही. पण माझ्या आजीला ते रूप ओळखूच येईना. तिच्यासाठी शेंदराचाच देह होता. गडावर काय शुद्ध, काय मूळ, काय ओंगळ, हे बोलताना आमच्या आजीसारख्यांना कधी कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

डोंगरवाट
बाई, मुद्दा मान्य. मी "आदिवासी" हा एकच आवाज असल्यासारखं लिहिलं, तसं नको होतं. विचारायचं असेल तर पाड्यापाड्यावर विचारा, एवढंच म्हणतो. डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीकडे बघा. डोंगरावरची देवी, आणि पूजेचा मान आदिवासी सातवी घराण्याकडे. तिथे गुजरातेतूनही माणसं येतात आणि तो मान मानतात.

धोक्याचंही बोलतो. दरेगावचे गवळी-पाटील चैत्रात आणि नवरात्रात रात्री सप्तशृंगाच्या सुळक्यावर चढून कीर्तिध्वज लावतात. केवढी जोखीम! ते बंद करा असं कोणी म्हणत नाही, उलट हात जोडतात. मग सुरक्षिततेचं कारण बळीलाच का?

पायी_वणी
(ताईच आहे.) बाईंचं पटलं. हुकमाने बंद करू नये, हे मी आता मान्य करते. पण ध्वजाचं उदाहरण लागू नाही, दादा. सुळक्यावर चढणारा आपल्या मनाने चढतो. बोकडाला कोणी विचारत नाही. माझा विरोध सुरक्षिततेसाठी कधीच नव्हता, त्या मुक्या जिवासाठी होता आणि राहील. न्यायालयाच्या अटी पाळून ज्यांना करायचं त्यांनी करावं, मी अडवायला येणार नाही. दसऱ्याला मी गडावर नसेन. चैत्रात येईन, आणि बाई, गडाच्या पायथ्याशी नांदुरीला थांबलात तर भेटू.

सुरगाण्याची_बाई
या. आजीलाही आणते.