शेल्टरमधली चार वर्षांची कुत्री की ब्रीडरकडचं पिल्लू? दोन महिने झाले, ठरत नाही

बंड्याची_आई

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या, काळा लॅब्रॅडॉर, गेल्या वर्षी गेला. नऊ वर्षांचा होता. पुन्हा कुत्रं आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण लेक आता दहा वर्षांची झालीय, ती रोज विचारते, आणि मलाही संध्याकाळी दार उघडताना अजून वाटतं की पायाशी कुणीतरी येईल. तेव्हा आणायचं हे नक्की. कुठून आणायचं यावर मात्र घरात तट पडलेत.

आधी बंड्याचं सांगते, कारण माझा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्याला आम्ही विकत आणलं होतं. एका खोक्यात सात पिल्लं होती, साडेपाच आठवड्यांची. विकणारा म्हणाला, आई दुसरीकडे ठेवलीय. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलंही नाही. एका पिल्लानं माझ्या पिशवीचा बंद तोंडात धरला तो सोडेचना. झालं, आम्ही त्याला घेऊन घरी.

दीड वर्षाचा झाला तेव्हा तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागला, सशासारखे. आम्हाला वाटलं मस्ती करतोय. त्याचे व्हिडिओ काढले, नातेवाइकांना पाठवले. पुढे पुढे बसलेला उठताना तो आधी पुढचे पाय रोवायचा, मान खाली घालायचा आणि मग मागचं धड ओढून घ्यायचा. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवलं: खुब्याचा गोळा वाटीत खोल बसायला हवा, याची वाटी बशीसारखी उथळ होती. हिप डिस्प्लेशिया. ‘आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे बघितले होते का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. असं काही बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. शेवटची दोन वर्षं मी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालायचे आणि दोन्ही टोकं धरून त्याला जिना उतरवायचे. तो टॉवेल अजून धुतलेला नाही.

आता नवऱ्याचं म्हणणं असं की या वेळी नीट चौकशी करू, चांगला ब्रीडर शोधू, पिल्लू आपल्या हाताखाली वाढेल. शेल्टरमधल्या कुत्र्याच्या मागच्या आयुष्यात काय काय झालंय कुणास ठाऊक, घरात मूल आहे. लेकीला अर्थातच पिल्लू हवंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. पिल्लू सारखं पायात येईल याची त्यांना धास्ती आहे, पण ते बोलून दाखवत नाहीत.

मी कुणाला न सांगता एका शेल्टरमध्ये जाऊन आले. तिथे चार वर्षांची मिश्र जातीची कुत्री आहे, तिला चिमणी म्हणतात. बाकीचे सगळे जाळीवर उड्या मारत होते, ही मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. मी खाली बसले, काही बोलले नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ती उठली, अर्ध्यावर आली, परत गेली, पुन्हा आली आणि जाळीखालून नाक काढून माझ्या चपलेला टेकवलं. तेवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला दया आली म्हणून मी घरादाराला जोखमीत घालतेय का? आणि ब्रीडरकडे गेले, तर बंड्याच्या आईसारख्या, मी कधी न बघितलेल्या कुठल्या तरी कुत्रीला पुन्हा वेताला लावायला मीच पैसे दिले असं होईल का? ज्यांनी दोन्हीपैकी काही केलंय त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगा.

सांजवारा

ताई, सशासारखी पळणारी अशी कितीतरी तरुण कुत्री मी पाहिलीत, त्यामुळे बंड्याचं वाचून गलबलून आलं. मी सात वर्षं दर रविवारी शेल्टरमध्ये जाते. कुत्र्यांना फिरवते, घर द्यायला आलेल्या लोकांशी बोलते.

जाळीमागची कुत्री बघून काही ठरवू नका. नव्या जागेत आलेल्या कुत्र्याच्या अंगात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, निदान पहिले तीन दिवस खूप चढलेलं असतं. कितीएक कुत्री त्याहून खूप जास्त काळ गोठल्यासारखी असतात. चिमणी तिथे कधीपासून आहे ते विचारा. चार दिवसांची पाहुणी असेल तर भिंतीला पाठ लावणारच. सहा महिन्यांनंतरही तशीच असेल तर भीती मुरलेली आहे. मग तिला मूल नसलेलं, शांत घर जास्त मानवेल.

तिला पट्टा लावून बाहेर न्या, भुंकण्याचा आवाज येणार नाही इतकं लांब. थोड्या वेळानं ओली नसतानाही तिनं अंग झटकलं तर समजा की ताण उतरतोय. मी आणखी एक करते, हातातल्या किल्ल्या मुद्दाम पाडते. दचकणं ठीक आहे, मी बघते ते दचकल्यानंतरचं. परत येऊन किल्ल्या हुंगल्या तर माझा जीव भांड्यात पडतो. कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिली तर घाई करत नाही.

दयेबद्दल विचारलंत म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं आमच्या वाघ्याला घेऊन गेलं. दोघं रडत होती. पाचव्या दिवशी परत आणलं, कारण एकटा ठेवला की तो दार ओरबाडायचा. त्याला एकटं राहवत नाही हे त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी वाचलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही, इतका मला आनंद झाला होता. परत आला तेव्हा तो गाडीतून उतरायला तयार नव्हता. मला त्याला उचलून आत न्यावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक कुत्र्याचा कागद मी लोकांना मोठ्यानं वाचून दाखवते. तुम्हीही चिमणीचा कागद वाचून दाखवायला सांगा. तिला कोण सांभाळतं ते विचारा आणि त्याच माणसाशी बोला. खाताना जवळ गेलं तर काय करते, पंजे पुसू देते का, मुलं आली की कान कुठे जातात, हे त्यालाच माहीत असतं. पंधरा दिवस घरी ठेवून बघायची सोय बरीच शेल्टर देतात, तीही विचारा.

निळाई

मी विकत घेतलेली गोल्डन रिट्रीव्हर सांभाळतो. हल्ली हे लिहिलं की लोक अंगावर येतात, तरी लिहितो, कारण तुमच्या यजमानांची इच्छा चुकीची नाही. फक्त चांगला ब्रीडर ओळखायचा कसा, हे कुणी सांगत नाही.

मी अकरा महिने थांबलो. ज्यांच्याकडे कधीही गेलं तरी पिल्लू तयार असतं, तिथून मी परत फिरलो. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवस गाभण असते आणि पिल्लं आईजवळ निदान आठ आठवडे राहायला हवीत. आईला मध्ये विश्रांती देणाऱ्याच्या घरी पिल्लं बारमाही कशी असतील? आमच्या ब्रीडरबाईंकडे गेलो तर आधी पिल्लांची आई दारात आली, मला हुंगून गेली, आणि मग पिल्लं दाखवली. ती त्यांच्या राहत्या खोलीत वाढत होती, शेजारी कपडे धुवायचं मशीन गरगरत होतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं, आणि त्यातला मोठा वाटा ते तुमच्याकडे येण्याआधीच संपलेला असतो. म्हणून ‘आपल्या हाताखाली वाढेल’ हे अर्धंच खरं आहे. तुमचा बंड्या साडेपाच आठवड्यांचा उचलला होता. तिथेच पहिली घंटा वाजायला हवी होती, पण ते माहीत नसणं हा तुमचा दोष नाही.

आईबापांचे खुब्यांचे आणि कोपरांचे अहवाल त्यांनी न मागता समोर ठेवले. अमेरिकेतली ओएफए संस्था कुत्रं २४ महिन्यांचं झाल्याशिवाय खुब्यांचा अंतिम दर्जा देत नाही, यावरून लक्षात येईल की वर्षाच्या कोवळ्या कुत्रीला वेताला लावणारा माणूस काय काय न बघता पुढे जातो. आणि लेखी दिलं की कधीही, कुठल्याही वयात तिला सांभाळणं जमेना झालं तर त्या परत घेतील. असा माणूस मिळाला तर तुमच्या पैशानं कुठल्या आईचे हाल होत नाहीत.

आता दुसरी बाजू. जात माहीत असली की स्वभाव माहीत, असं यजमान धरून चालले असतील तर २०२२ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलेलं संशोधन त्यांना सांगा. १८,००० हून जास्त कुत्र्यांची माहिती गोळा केली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून जेमतेम ९ टक्के उलगडला. शेल्टरवाले मात्र मिश्र कुत्रं म्हणजे ठणठणीत असं म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लोकांनी २०१३ मध्ये २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदींमधून २४ आनुवंशिक आजार तपासले. दहा आजार शुद्ध जातींत जास्त निघाले, पण तेरांमध्ये फरक दिसला नाही. हिप डिस्प्लेशिया त्या तेरांतला आहे.

म्हणूनच मला तुमच्या जागी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही त्याच्या आईबापांचे खुबे बघता आणि अंदाज बांधता. चिमणी चार वर्षांची आहे. तिचे स्वतःचेच खुबे आज बघता येतील. स्वभावाचंही तेच, जो काही आहे तो घडलेला आहे, समोर आहे. यजमानांना ‘माहीत असलेलं’ कुत्रं हवंय ना? मग कदाचित तीच जास्त माहीत होण्यासारखी आहे. एक्स-रे काढून घ्या, गोचिडतापाची आणि हृदयातल्या जंतांची रक्ततपासणी करा. खर्च आपण करू म्हणालात तर बहुतेक शेल्टर नाही म्हणत नाहीत.

पायवाट

मुलीबद्दल थोडंसं. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही मोठी कुत्री घरी आणली. ती तोंड फिरवायची, जीभ नाकावरून फिरवायची, झोप नसताना जांभई द्यायची. आम्ही ‘किती गोड’ म्हणत राहिलो. ती सांगत होती, पुरे, लांब हो. एक दिवस गुरगुरली तेव्हा कळलं. चावली नाही, नशीब आमचं. तुमच्या लेकीला हे आधी शिकवा. आणि कुत्रीची एक जागा अशी ठरवा की तिथे ती गेली की कुणीही हात लावायचा नाही, आजोबांनीही नाही.

बंड्याची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू.

निळाई, तुमचं शेवटचं मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. तो गप्प बसला आणि म्हणाला, चल, बघून येऊ.

चिमणी तिथे सात आठवडे आहे. कागद मोठ्यानं वाचायला लावला. तिला तीन पिल्लांसह आणलं होतं, पिल्लांना घरं मिळाली, ती मागे राहिली. हे ऐकल्यावर लेकीनं पिल्लाचा विषय परत काढला नाही, मी काही बोलले नव्हते. तिला आम्ही बाहेर फिरवलं. लेक तिच्याकडे पाठ करून गवतात पुस्तक वाचत बसली, ही तिची स्वतःचीच कल्पना. बराच वेळ काही झालं नाही. मग चिमणी मागून आली, वेणीचं टोक हुंगलं आणि अंग झटकलं, कानापासून शेपटीपर्यंत. लेकीनं वळूनसुद्धा बघितलं नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळत होतं ती किती खूश आहे. किल्ल्या नवऱ्यानं पाडल्या. ती दचकली, दोन पावलं मागे गेली, मान लांब करून परत आली.

एक्स-रे काढला. फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा मी बघू शकले नाही, नवऱ्यानंच बघितलं. गोळा वाटीत खोल बसलेला आहे, दोन्हीकडे. गोचिडतापाचा अंश निघाला, त्याचं चार आठवड्यांचं औषध सुरू केलंय. एक सुळा तुटलेला आहे, तो काढावा लागेल.

शनिवारी घरी आणतोय, पंधरा दिवसांच्या बोलीवर. सासऱ्यांनी त्यांच्या खुर्चीशेजारची जागा रिकामी केलीय. दोन गोष्टी विचारायच्यात. पहिल्या रात्री अंथरूण हॉलमध्ये घालू की आमच्या खोलीत? आणि बंड्याचा तो टॉवेल तिच्या अंथरुणात घातला तर त्याच्या वासानं ती बिचकेल का?

सांजवारा

तुमच्या खोलीत, दाराजवळ. अनोळखी अंधारात तिला तुमचा श्वास ऐकू येऊ दे. रात्री उठून बसली तर हाक मारू नका, हात नुसता पलंगाखाली सोडा, तिला वाटलं तर येईल. टॉवेल पहिल्या दिवशी अंथरुणात नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर ठेवा. ती जाऊन हुंगेल, कदाचित बराच वेळ. तिच्यासमोर तो उचलू नका. स्वतःहून त्यावर जाऊन बसली तर मग राहू दे तिथेच.