लिंक कोणी टाकली?

ए-६०३ (रात्री ९:०४): सकाळी या ग्रुपवर "फेलोशिपचे अर्ज सुरू, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जरूर भरा" अशी लिंक ज्यांनी टाकली त्यांनी ती आत्ताच्या आत्ता काढावी. आमच्या घरात काय चाललंय याची कल्पना नाही तुम्हाला.

बी-२०५ आजोबा: नियम क्र. ४. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. जाहिराती टाकू नयेत.

सी-५०२: कुठली लिंक? मला ढोकळ्याची ऑर्डरच दिसली

ए-४०१ वहिनी: ढोकळा माझा. ती जाहिरात नव्हे, शेजारधर्म आहे.

सी-३०४ ओंकार: काका, लिंक मी टाकली होती. सॉरी. ओळखीतल्या मुलांना पाठवा असं आम्हा फेलोंना, म्हणजे दोन वर्षं शाळेत शिकवायला घेतलेल्या पदवीधरांना, सांगितलं होतं. आपल्याकडे शेवटच्या वर्षाला चार-पाच जण आहेत म्हणून टाकली.

ए-६०३: सॉरीने काय होतंय? सईच्या हातात कॅम्पसचं ऑफर लेटर आहे, जुलैत जॉइनिंग. आज जेवताना म्हणते, दोन वर्षं मनपाच्या शाळेत शिकवणार. इंजिनीअर केली ती दोनचा पाढा शिकवायला?

ए-४०१ वहिनी: दोनचा पाढा सोपा वाटतो होय तुम्हाला? आमच्या चिरंजीवांना बारावीपर्यंत सातचा येत नव्हता.

सी-५०२: वहिनी तो अजून येत नाही. परवा भेळेचा हिशोब माझ्यासमोर चुकला

ए-६०३: कृपया विषय सीरियस आहे.

सेक्रेटरी बी-७०१: ओंकार, लिंक काढून टाका ना. विषय संपेल.

न्यू जर्सी (सी-३०४ मालक): नमस्कार मंडळी. इकडे सकाळ आहे, आत्ताच वाचलं. थोडी पार्श्वभूमी देतो. ही कल्पना मुळात इकडची. वेंडी कॉप नावाच्या मुलीने १९८९ साली प्रिन्स्टनमध्ये शेवटच्या वर्षाचा प्रबंध याच विषयावर लिहिला. १९९० मध्ये 'टीच फॉर अमेरिका'ची पहिली, पाचशेच्या आसपास पदवीधरांची तुकडी गरीब वस्त्यांतल्या शाळांत उतरली. प्रिन्स्टन आमच्या घरापासून ४० मिनिटांवर आहे.

सेक्रेटरी बी-७०१: सर, आपले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचे) तीन तिमाहींचे बाकी आहेत. प्रिन्स्टनहूनही ऑनलाइन भरता येतात.

न्यू जर्सी: दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत हे आधी मान्य करा.

सेक्रेटरी बी-७०१: दहाच लावलेत. सर्व्हिस चार्जेसवर. बिल उघडून बघा, मागच्या एजीएममध्येही हेच सांगितलं होतं.

न्यू जर्सी: असो. तर मुद्दा हा की पुढे इंग्लंडमध्ये २००२ ला 'टीच फर्स्ट' आलं आणि आपल्याकडे 'टीच फॉर इंडिया'. त्यांची पहिली तुकडी २००९ ला पुण्या-मुंबईतच आली. म्हणजे हे काही ओंकारने काल काढलेलं खूळ नाही. उलट असे भाडेकरू मिळाले याचा मला अभिमान आहे.

ए-६०३: तुमचा मुलगा कुठे आहे सध्या?

न्यू जर्सी: सिएटलला. सॉफ्टवेअर. का?

ए-६०३: काही नाही. सहज.

गेट: टँकर आलाय. बी विंगची पांढरी गाडी काढा लवकर

बी-२०५ आजोबा: नियम क्र. ४. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. लिंक डिलीट करावी.

ए-४०१ वहिनी: ए-६०३, राग मानू नका, पण परवा ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो याच ग्रुपवर तुम्हीच टाकला होता ना? "ज्ञानज्योतीस विनम्र अभिवादन". त्यांनी भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. सई २१ ची आहे.

सी-५०२: 🔥🔥

ए-६०३: अभिवादन वेगळं, पोरीचं करिअर वेगळं.

सी-५०२: हे वाक्य फ्रेम करून क्लब हाऊसमध्ये लावा

न्यू जर्सी: अगदी बरोबर वहिनी. सावित्रीबाईंकडे कुठे डी.एड. होतं? जिद्द होती.

बी-१०२ बाई: बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता बोलते.

सावित्रीबाईंनी प्रशिक्षण घेतलं होतं. नगरला फरारबाईंच्या संस्थेत. पहिल्या शिक्षिका त्या होत्याच, पण आपल्याकडच्या पहिल्या प्रशिक्षित शिक्षिका म्हणूनही त्यांचं नाव घेतात. त्यामुळे "जिद्द होती, डी.एड. नव्हतं" हे त्यांच्या नावावर खपवू नका. शिकवणं हे काम आहे आणि ते शिकावं लागतं, हे त्यांना १८४८ मध्ये कळलं होतं.

मी ३४ वर्षं मनपाच्या शाळेत काढली, शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. माझ्या शाळेत अशी फेलोशिपवाली मुलं आली होती. गोड मुलं. एक मुलगी वर्गात गिटार घेऊन यायची. जून ते एप्रिल दोनदा झालं की निरोप समारंभ, मुलं गळ्यात पडून रडायची, त्या मुलीही रडायच्या. नंतर जूनमध्ये तोच वर्ग माझ्यासमोर बसायचा आणि विचारायचा, ताई कधी येणार. ताई तेव्हा एमबीएला गेलेली असायची. मग दुसरा शिक्षक येईपर्यंत दोन वर्ग एकत्र करून मीच घ्यायची.

आणि दुसरं. आमच्याकडे कायम होण्याआधी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायची असतात. मानधन २०२३ ला ६ हजारांचं १६ हजार झालं. त्याआधी सहा हजारांत डी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेल्या मुली नोकरी करत होत्या, त्यांचा फोटो कोणी पेपरात छापला नाही. सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलात का? ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. माझ्या हाताखाली तयार झालेली बाई ४९ व्या वर्षी रात्री बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन बसते आहे. आणि पाच आठवड्यांचा कॅम्प करून आलेल्याला वर्ग मिळतो. राग आला तर चूक आहे का?

(रात्री ९:४१)

सी-५०२: बाई 🙏

ए-६०३: बघा. जे आत राहून आले त्यांचं ऐका. बाई, धन्यवाद. सईला हे वाचायला देतो.

बी-१०२ बाई: माझा मेसेज तुमच्या कामाला लावू नका. पाढे शिकवणं कमीपणाचं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ते तुम्ही म्हणालात.

न्यू जर्सी: बाईंच्या अनुभवाचा आदर आहे. पण डेटा बघू. इकडे २००४ ला मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेचा अभ्यास आला. या नव्या शिक्षकांच्या वर्गातली मुलं गणितात त्याच शाळेतल्या इतर वर्गांच्या साधारण महिनाभर पुढे होती. वाचनात फरक नव्हता.

बी-१०२ बाई: वाचनात फरक नव्हता हे शेवटी छोट्या वाक्यात का लिहिलंत? माझी सगळी हयात तिथेच गेली.

न्यू जर्सी: म्हणजे ते वाईटही नव्हते असा त्याचा अर्थ होतो.

सेक्रेटरी बी-७०१: सर, तीन तिमाही.

गेट: पांढरी गाडी

बी-२०५ आजोबा: नियम क्र. ४.

सी-३०४ ओंकार: बाई, मला लिहू का थोडं? सगळ्यांनी आधीच खूप लिहिलंय.

माझा तिसरीचा वर्ग आहे, ४३ मुलं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ३० ला एक शिक्षक हवा, पण ते असो. पहिल्या आठवड्यात मी सहा पानी पाठ लिहून नेला. दहा मिनिटांत संपला. उरलेला वेळ काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून फळ्यावर आठ शब्द लिहून दिले. मुलांनी इतक्या सुंदर अक्षरात उतरवले की मी घरी आईला वह्यांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी तेच शब्द उलट्या क्रमाने लिहिले आणि वाचायला सांगितलं. पहिला शब्द "छत्री" होता. अर्धा वर्ग एका सुरात "कमळ" म्हणाला, कारण काल पहिला शब्द कमळ होता. ती मुलं वाचत नव्हती, चित्र काढत होती. सुंदर चित्रं.

कॅम्पमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. आता दुसरं वर्ष चालू आहे, त्यातली साधारण पंचवीस मुलं वाचतात. बाकीच्यांचं काय करायचं ते मला अजूनही कळत नाही. एप्रिलमध्ये माझी दोन वर्षं संपतात. बाई म्हणतात ते खरं आहे, मी जाणार आहे. पुढे काय, ते ठरलेलं नाही.

ए-४०१ वहिनी: अरे रामा. छत्रीला कमळ.

सी-५०२: आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनं अशीच वाचतात

बी-१०२ बाई: न वाचणारी अठरा आहेत ना? त्यातली किती पहिलीला सलग आली नाहीत ते बघितलंस?

सी-३०४ ओंकार: नाही बघितलं.

बी-१०२ बाई: पहिलीचं हजेरीपत्रक माग. बांधकामावरच्या पालकांची मुलं मधेच गावी जातात, दोन-दोन महिने. पुस्तक त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यांना बाराखडी पुन्हा पहिल्यापासून नको, लाज वाटते. बिस्किटाच्या पुड्यांचे कागद आणायला सांग. बसच्या पाट्या लिहून दे. "स्वारगेट" प्रत्येकाला ओळखता येतं, त्यातला "स्वा" सुटा कर. छत्री पहिल्या आठवड्यात कोणी लिहितं का? जोडाक्षर आहे ते.

सी-३०४ ओंकार: 🙈

बी-१०२ बाई: शेजारच्या वर्गावर कोण आहेत? त्यांना विचारलंस कधी?

सी-३०४ ओंकार: सुरुवातीला त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. आता डबा एकत्र खातो. पण वर्गाबद्दल विचारायला मला संकोच वाटतो. सारखं वाटतं की त्या म्हणतील, तुम्हीच ना ते हुशार, निवडून आलेले.

बी-१०२ बाई: म्हणतीलच. मीही म्हटलं असतं. ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं.

ए-६०३: माझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दोन वर्षांनी या मुलांना नोकरी कोण देतं? गॅप दिसते ना रेझ्युमेवर.

न्यू जर्सी: उलट. इकडे मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं अशा उमेदवारांना...

सई (ए-६०३): बाबा, मी या ग्रुपवर आहे.

सी-५०२: 😶

सई (ए-६०३): आणि लिंक ओंकारदादाने टाकायच्या आधीच मी फॉर्म भरलाय. नोव्हेंबरमध्ये. त्याला उगाच बोलू नका. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, त्यात पाच मिनिटं शिकवून दाखवायचं असतं. मी अपूर्णांक घेणार होते.

ए-६०३: नोव्हेंबर??? खाली ये. म्हणजे बाहेर ये. हॉलमध्ये ये.

ए-४०१ वहिनी: ए-६०३, फोन बाजूला ठेवा आणि आधी पाणी प्या. सई, ढोकळा पाठवू का?

बी-२०५ आजोबा: नियम क्र. ४. लिंक अजून दिसते आहे.

सेक्रेटरी बी-७०१: ओंकार, प्लीज. आजोबांसाठी तरी.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)

बी-२०५ आजोबा: आभार. आता ढोकळ्याचीही.

ए-४०१ वहिनी: आजोबा, तुम्ही दोन प्लेट मागवल्या होत्या.

बी-२०५ आजोबा: ते सोसायटीचे काम होते.

बी-१०२ बाई: सई, अपूर्णांक पाच मिनिटांत होत नाहीत. पोळी घेऊन जाऊ नकोस, सगळे पोळीच घेऊन जातात. उद्या संध्याकाळी सहाला माझ्याकडे ये. तुझी बाजू घेते आहे असं समजू नकोस. तुझ्या बाबांना हवं तर त्यांनीही यावं.

बी-१०२ बाई: आणि ओंकार, शनिवारी सकाळची शाळा ना तुझी? सात वाजता गेटवर थांब. पासष्टी झाली आहे, रिक्षा तू करायची. आधी तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून ठेव, मी अशी कोणाच्याही शाळेत शिरत नाही.

सी-३०४ ओंकार: हो बाई. नक्की. उद्याच विचारतो.

गेट: बाई माझी बारकी पण तिसरीलाच हाय ओंकार सरांकडं. अठरात हाय का पंचवीसात ते सर सांगत न्हाईत

सी-३०४ ओंकार: पंचवीसात आहे मामा. डिसेंबरपासून. मीटिंगला आला नाहीत म्हणून सांगायचं राहिलं.

गेट: ड्यूटी असते. बरं झालं

गेट: पांढरी गाडी कोणाचीय, टँकरवाला परत चाललाय

सी-५०२: अरे बापरे माझीच आहे. आलो आलो