रे गाय यांना हॉल ऑफ फेमसाठी इतकी वाट का पाहावी लागली?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील ओकलंड रेडर्स संघाने १९७३ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत निवडलेल्या आणि तीन सुपर बोल (लीगचे वार्षिक अंतिम सामने) जिंकलेल्या या पंटरला (चेंडू हातातून सोडून लाथेने प्रतिस्पर्ध्यांकडे दूर उडवणाऱ्या खेळाडूला) हॉल ऑफ फेमचा, म्हणजे या खेळातील थोर खेळाडूंच्या यादीत बसण्याचा, मान मिळायला २०१४ साल का उजाडावे लागले?

मैदानप्रेमी : पंटर सामन्यात मोजक्याच वेळा उतरतो आणि त्याचे काम गुणफलकावर दिसत नाही, म्हणून निवड समितीने त्यांना वर्षानुवर्षे डावलले. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

सुहास : सहमत. चेंडू सरासरी किती यार्ड दूर गेला, नुसत्या एवढ्यावरून त्यांची थोरवी कळत नाही. त्यांचा चेंडू हवेत इतका वेळ राहत असे, की तो खाली येईपर्यंत सहकारी धावत जाऊन झेल घेणाऱ्याला घेरत. १९७६ च्या प्रो बोलमध्ये (लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यात) तर त्यांचा चेंडू सुपरडोम या बंदिस्त स्टेडियमच्या छताला टांगलेल्या पडद्यावर आदळला होता!

मैदानप्रेमी : केवळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेले ते पहिलेच खेळाडू.