जस्टिस लीग पाहिलेल्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

पारिजातक
काल रात्री साडेनऊला कामावरून आले. पाऊस नुकताच थांबलेला. सोसायटीच्या बागेत चिटपाखरू नव्हतं, एक झोपाळा तेवढा वाऱ्याने कुरकुरत होता. आणि एकदम एस आठवली.

'जस्टिस लीग' या सुपरहिरोंच्या कार्टून मालिकेचं पुढचं पर्व 'जस्टिस लीग अनलिमिटेड', त्यातला 'एपिलॉग', 2005 चा भाग. एस म्हणजे ती लहान मुलगी, जिच्या मनात येईल तसं आजूबाजूचं जग बदलतं. तिचे शेवटचे क्षण आलेले असतात. ती गेली तर त्या धक्क्याने आसपासची माणसंही मरतील, म्हणून तिला आधीच संपवायला बॅटमॅनच्या हातात एक यंत्र दिलेलं असतं. तो ते वापरत नाही. तिच्या शेजारच्या झोपाळ्यावर बसतो. तिला भीती वाटत असते, ती त्याला थांबायला सांगते, आणि तो थांबतो. बस्स.

मी बघितला तेव्हा माझी आजी आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. मी त्या खोलीत जायचं टाळायचे. औषधांचा वास, आणि बोलायचं काय तेच सुचायचं नाही. त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि जाऊन तिच्या कॉटवर बसले. एक शब्द बोलले नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला. बोटं इतकी बारीक झाली होती की अंगठी निसटू नये म्हणून तिला खालून पांढरा दोरा गुंडाळला होता. नंतर रोज संध्याकाळी बसायचे. अकरा दिवस मिळाले.

तुमच्याही असतील आठवणी. लिहा.

रानवारा
ताई, सकाळी सकाळी रडवलंत. लोकलमध्ये आहे, नंतर लिहितो.

कंदीलवाला
आमच्या गावाला तेव्हा भारनियमन. संध्याकाळी नेमकी कार्टूनच्या वेळेला लाईट जायची. त्यात पहिल्या दोन सीझनचे 52 भाग, आणि एक ख्रिसमसचा भाग सोडला तर सगळ्या गोष्टी दोन नाहीतर तीन भागांच्या! म्हणजे आम्हाला कायम अर्धीच गोष्ट.

'अ बेटर वर्ल्ड' लागला होता. राष्ट्राध्यक्ष झालेल्या ल्यूथरला सुपरमॅनने डोळ्यांतल्या किरणांनी जाळलं आणि गेली लाईट. मी सुन्न. सुपरमॅनने खून केला?? मोठा भाऊ म्हणाला, थांब, पुढचं मी सांगतो. अंधारात ओट्यावर बसून त्याने तासभर गोष्ट रचून सांगितली, आणि मी कित्येक महिने तीच खरी धरून चाललो. ते दुसऱ्याच एका जगातले सुपरमॅन-बॅटमॅन होते, हे कॉलेजात गेल्यावर कळलं.

मिरची_ठेचा
भारनियमन काढू नका राव! आमच्याकडं रात्रीची थ्री फेज. बाबा दोनला उठून मोटार चालू करायचे, मी बॅटरी धरून मागं. दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगायचो. कार्टून कुठलं बघतोय.

कंदीलवाला
@मिरची_ठेचा आमच्याकडे पण तेच. ऊस का कांदा?

मिरची_ठेचा
ऊस. आता ठिबक केलंय.

निळी_छत्री
लीगमधली पंखवाली हॉकगर्ल. एवढंच लिहिते.

रानवारा
उतरलो. @निळी_छत्री 'स्टारक्रॉस्ड' ना? तीन भाग. आपल्यातली म्हणून जिला दोन सीझन बघितलं, ती थॅनागार या परग्रहाची हेर निघाली. माझी बहीण दोन दिवस धड जेवली नाही.

निळी_छत्री
हो, तोच. पण शेवट आठवा. तिला ठेवायचं की काढायचं यावर बाकीच्यांनी मतं दिलेली असतात, आणि निकाल ऐकायच्या आधीच ती स्वतः राजीनामा देते. मतं कशी पडली ते आपल्यालाही कळत नाही. नोकरी सोडताना मी डोळ्यांसमोर तेच ठेवलं होतं. त्यांनी काय ठरवलं ते ऐकायला थांबले नाही.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. 2011 मध्ये लीगमधल्याच ग्रीन लँटर्न या सुपरहिरोचा सिनेमा आला तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, हा गोरा कोण? जॉन स्ट्यूअर्ट कुठाय? माझ्यासाठी ग्रीन लँटर्न म्हणजे जॉनच, कृष्णवर्णीय, माजी मरीन (अमेरिकी सैनिक), कडक शिस्तीचा. ऑफिसात एका कृष्णवर्णीय मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, अगं, माझ्या भावाचंही अगदी हेच झालं. तिथून आमची खरी दोस्ती.

वसतिगृह_खोली_१२
कुणी लीगमधल्या मार्शियन मॅनहंटरबद्दल का लिहीत नाही? त्याच ख्रिसमसच्या भागात बहुतेक जण सुट्टीला पांगतात. याचं घर मंगळावर, आणि तिथलं कुणीच उरलेलं नाही. मग सुपरमॅन त्याला आपल्या आईवडिलांकडे स्मॉलव्हिलला नेतो. शेवटी तो मांजरापाशी बसून मंगळाच्या भाषेत गाणं म्हणतो.

माझी पहिली दिवाळी पुण्यात वसतिगृहात. घरी जाण्यासारखं कुणी नव्हतं, खोलात शिरत नाही. रूममेट म्हणाला बॅग भर, आणि सांगलीला घेऊन गेला. त्याच्या आईने पहाटे मलाही पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. नुसतं 'मान खाली घाल' म्हणाल्या, बाकी एक प्रश्न नाही. अजून दर दिवाळीला जातो.

निळी_छत्री
@वसतिगृह_खोली_१२ काकूंना नमस्कार सांगा 🙏

घाईत_आई
मुलगा सहा वर्षांचा आहे, दाखवू का? पारिजातक, तुमचं वाचून भाजी लागली खाली, पण वाचलं.

रानवारा
@घाईत_आई एवढ्यात नको, जरा मोठा होऊ दे. लीगमधल्या वेगवान, गमत्या फ्लॅशचे भाग दाखवता येतील, पण सोबत बसा.

केव्हिन कॉनरॉय 2022 मध्ये गेले तेव्हा मी रात्रभर जुने भाग बघितले. 1992 पासूनचा बॅटमॅनचा आवाज! न्यूयॉर्कच्या 9/11 हल्ल्यानंतर हा माणूस तिथे राबणाऱ्यांसाठी रात्री स्वयंपाक करत होता. एसच्या शेजारी बसलेला आवाज त्याचाच, म्हणून मला तो प्रसंग आणखी खरा वाटतो.

घाईत_आई
हे माहीत नव्हतं. पारिजातक, त्या अंगठीचं काय झालं?

पारिजातक
माझ्याकडे आहे. दोरा काढलेला नाही.

कंदीलवाला
आत्ता भावाला फोन करून 'अ बेटर वर्ल्ड'ची खरी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझी जास्त चांगली होती.