शिवराई जमवण्याचा छंद : मेटल डिटेक्टर घ्यावा का?

प्रश्न – मावळतीचा वारा

नमस्कार. पुण्याच्या जुन्या बाजारातून अधूनमधून तांब्याची नाणी घेता घेता मला शिवराई जमवण्याचा नाद लागला आहे. आमचे गाव एका किल्ल्याच्या पायथ्याशी असून नांगरट झाल्यावर किंवा वळवाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर शेतात कधीकधी नाणे सापडते, असे चुलतभाऊ सांगतो. शेत आमच्याच मालकीचे आहे. तेव्हा मेटल डिटेक्टर घेऊन तिथे आणि जमल्यास गडाच्या माचीवर शोध घ्यावा, असा विचार आहे. कायद्याची काही अडचण येईल का? तसेच काळी पडलेली नाणी चिंचेने घासावीत का?

उत्तर १ – जुना दस्तऐवज

माचीचा विचार कृपया आजच सोडून द्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना उकरणे हा गुन्हा आहे, मग हाती खिळा लागो वा काहीच न लागो. शेत आपले असले म्हणून त्यात पुरलेले सगळे आपलेच ठरते, असेही नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. (दहा रुपयांची ही मर्यादा ज्या काळात ठरली, त्या काळात ती मोठी रक्कम होती, आज ती हास्यास्पद वाटते, पण बदललेली नाही.) माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

विकत घेऊन संग्रह करण्यास मात्र आडकाठी नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

उत्तर २ – टांकसाळ

चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावर शतकभरात चढलेला काळपट-तपकिरी थर नाण्याचे रक्षण करतो आणि खरेपणा ताडायलाही तोच उपयोगी पडतो. घासून लखलखीत केलेल्या नाण्याकडे जाणकार ढुंकूनही पाहत नाही.

आता बाजाराविषयी. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ दोन ओळींत असते, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ असते. ठसा बहुधा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे एखाद्या नाण्यावर ‘श्री’ अर्धाच उतरतो, तर दुसऱ्यावर वर्तुळाचा पत्ताच नसतो. हातोड्याने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी निघत नाहीत. म्हणून एकाच विक्रेत्याकडे त्याच जागी कापलेली अक्षरे असलेली चार नाणी दिसली, कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर ती ओतीव नक्कल समजावी. याउलट ‘सिव’ किंवा ‘शीव’ असे लेखन दिसल्यास लगेच बनावट म्हणू नये. शिवराई अनेक टांकसाळींत, पुढे पेशवाईतही पडत राहिली आणि ठसे कोरणाऱ्यांचे शुद्धलेखन एकसारखे नव्हते.

उत्तर ३ – गोदाकाठ

वरील दोन्ही उत्तरे रास्त आहेत. तथापि केवळ कायद्याचा धाक घातला की लोक सापडलेली वस्तू मुकाट्याने सोनाराकडे नेतात, असे मला वाटते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात घराण्यातील राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता आणि त्याने क्षहरातांचा पराभव केल्याचा तो ठोस पुरावा ठरला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कोणाच्या ध्यानात आले असते? धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, त्यांतून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. छंद असा असावा.

त्यामुळे नांगरटीत नाणे वर आलेच, तर डिटेक्टरऐवजी वही घ्यावी : गट क्रमांक, तारीख, किती खोलीवर मिळाले, जवळ खापरे वा विटा होत्या का, हे लिहून छायाचित्र काढावे आणि मग तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. अर्जाची पोच मागून घेण्यास विसरू नये. बाजारातून घेतलेली नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवली असल्यास लवकर काढा. त्यांतील काही प्रकारांमुळे तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो. आम्लविरहित कागदाची पाकिटे वापरा आणि प्रत्येकावर वजन व खरेदीचे ठिकाण लिहा.