मध्यम ताकदीची, परवडणारी अ‍ॅडव्हेंचर गाडी निवडताना कोणत्या आकड्याकडे पाहावे?

वाटसरू :

गेली नऊ वर्षे मी १५० सीसीची एक साधी गाडी चालवतो आहे. तिच्याबद्दल तक्रार अशी नाही. परंतु आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला निघालो की सामान, मागे बसलेली पत्नी आणि चढ हे तिन्ही तिला एकदम पेलवत नाहीत, आणि डांबर संपून खडी लागली की पुढचे बारीक चाक प्रत्येक दगडाची खबर थेट मनगटापर्यंत पोचवते. म्हणून अ‍ॅडव्हेंचर प्रकारातली, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी, मध्यम ताकदीची एखादी गाडी घ्यावी असे ठरवले आहे. हजार-बाराशे सीसीच्या गाड्या मला परवडणार नाहीत आणि झेपणारही नाहीत.

माझी उंची १६७ सेंटिमीटर, पायाची आतून मोजलेली लांबी ७६ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. वर्षाकाठी सुमारे १२,००० किलोमीटर प्रवास होतो. त्यातला ऐंशी टक्के तरी डांबरी रस्त्यावर, उरलेला खडी-मुरुमावर आणि कधीमधी चिखलात. डोळ्यांसमोर चार गाड्या आहेत: रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, होंडा एनएक्स ५०० आणि सेकंडहँड चांगली मिळाली तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०. या गाड्यांची माहितीपत्रके मी इतक्या वेळा वाचली आहेत की आकडे तोंडपाठ झाले. मात्र त्यातला कोणता आकडा रोजच्या चालवण्यात जाणवतो आणि कोणता नुसता छापण्यापुरता असतो, हे कळेनासे झाले आहे. चाळीस हॉर्सपॉवर दोघांना आणि सामानाला पुरतात का? पुढचे चाक एकवीस इंचीच हवे का? सिंगल सिलिंडर घ्यावे की ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरांचे?

जुना सारथी :

आपल्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो: आडवी झालेली गाडी आपल्याला एकट्याने उभी करता येईल का? मी हा प्रश्न गाडी घेतल्यानंतर स्वतःला विचारला, आणि तोही एका उतारावर.

माझी पहिली मोठी गाडी सव्वादोनशे किलोची होती. एका अरुंद रस्त्यावर मागे वळताना ती अगदी पायी चालण्याच्या वेगात होती; डावा पाय टेकवायला गेलो तर तिथे जमीनच नव्हती, उताराकडची बाजू चार बोटे खाली होती. गाडी सावकाश, जणू विचार करून, आडवी झाली. पहिल्या झटक्यात मी ती हँडल धरून ओढायला गेलो आणि कंबर धरली. पुढे एका अनुभवी माणसाने रीत शिकवली. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी. मग सीटकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडलचे जमिनीकडचे टोक आणि दुसऱ्याने मागची दांडी धरावी आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर पावलापावलाने मागे सरकत उठावे. रीत माहीत असली तरी वजन काही कमी होत नाही.

वजनाचे आकडे वाचताना ते कसे मोजले आहेत, हेही पाहावे. काही कंपन्या इंधन न धरता कोरडे वजन देतात. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलो असते, म्हणजे वीस लिटरची टाकीच पंधरा किलोंची भर घालते. ऑइल, कूलंट वगैरे वेगळेच. हिमालयन ४५० आणि एनएक्स ५०० या दोन्ही इंधनासह १९६ किलोंच्या आहेत, ३९० अ‍ॅडव्हेंचर १८०च्या आसपास, आणि व्ही-स्ट्रॉम ६५० मॉडेलप्रमाणे २१३ ते २१६ किलो.

सीटच्या उंचीचेही असेच आहे. हिमालयनची सीट ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसवता येते, एनएक्सची ८३० आहे, व्ही-स्ट्रॉमची ८३५, आणि २०२० साली आलेल्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५. परंतु पाय जमिनीला लागणे केवळ उंचीवर ठरत नाही. पुढच्या बाजूला निमुळती सीट असेल तर ८४५वरही चवडे टेकतात आणि रुंद सीट असेल तर ८२०वरही पाय फाकून अधांतरी राहतात. शिवाय माणूस बसला की स्प्रिंग दोन-चार सेंटिमीटर दबते. तेव्हा ज्या बुटांनी प्रवास करणार आहात तेच बूट घालून, मागे पत्नीला बसवून प्रत्येक गाडीवर दहा मिनिटे बसून पाहावे. माझ्या मते आपल्या उंचीला जुनी ३९० यादीतून इथेच गळेल.

खडीवाट :

चाकाबद्दल सांगतो, कारण या बाबतीत मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

एकवीस इंची चाक खड्ड्याच्या कडेला किंवा दगडाला जरा सपाट कोनातून भिडते, त्यामुळे जिथे लहान चाक अडखळते तिथे ते चढून जाते. त्याची किंमत डांबरावर चुकवावी लागते: गाडी वळणात झुकायला थोडा वेळ घेते, आणि एका वळणातून लगेच उलट वळणात जाताना हा आळस जाणवतो. एकोणीस इंची चाक हा मधला मार्ग आहे. २०१३ साली आलेल्या होंडा सीबी ५००एक्सला पुढे सतरा इंची चाक होते. २०१९मध्ये कंपनीने ते एकोणीस इंची केले, आणि तीच गाडी २०२४पासून एनएक्स ५०० या नावाने विकली जाते. कावासाकी व्हर्सिस ६५० मात्र अजूनही दोन्हीकडे सतरा इंचीच आहे. दिसायला उंच असली तरी ती मनाने डांबरावरची गाडी आहे. दुसऱ्या टोकाला यामाहा टेनेरे ७०० आहे, पुढे एकवीस, मागे अठरा. कच्च्या रस्त्यावर तिच्याइतकी सुखाची गाडी मी चालवलेली नाही, पण सीट ८७५ मिलिमीटर. माझीच उंची १८० असून मला सिग्नलला एक पाय टेकवून उभे राहावे लागते. ऐंशी टक्के डांबर असेल तर एकोणीस पुरेसे आहे.

याहून मोठा प्रश्न ट्यूबचा. पुष्कळ आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते, आणि मागचे चाक आडरस्त्यावर पंक्चर झाले म्हणजे काय, हे एकदा अनुभवल्याशिवाय कळत नाही. आम्ही दोघे होतो. माझी गाडी दगडावर टेकवून मागचे चाक वर केले, अ‍ॅक्सल काढला, चेन उतरवली. टायरची कड रिमला अशी चिकटली होती की उभे राहून नाचलो तरी सुटेना. शेवटी सोबत्याच्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून तिचा सगळा भार त्यावर दिला, तेव्हा कुठे ‘फट्’ असा आवाज होऊन ती सुटली. नवी ट्यूब घातली, हवा भरली, आणि हवा थांबेना. टायर चढवताना पट्टीच्या टोकात ट्यूब चिमटली होती. पुन्हा पहिल्यापासून. अडीच तास गेले. ट्यूबलेस टायरमध्ये हेच काम खिळा उपटणे, भोक खरवडणे, चिकट दोरी खुपसणे आणि पंपाने हवा भरणे एवढेच असते. वीस मिनिटांत माणूस मार्गाला लागतो. हिमालयन ४५० आधी ट्यूबच्या आऱ्यांवर आली; नंतर तिला ट्यूबलेस आऱ्यांचा पर्याय मिळाला. ती घेणार असाल तर तोच पर्याय घ्या. एनएक्सची ओतीव चाके मुळातच ट्यूबलेस आहेत.

एक गोष्ट मात्र हिमालयन आणि केटीएमच्या बाजूने बोलते: सुट्या खडीच्या उतारावर मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येते. एनएक्स आणि व्ही-स्ट्रॉम ६५०मध्ये ती सोय नाही. आपल्याला वर्षातून किती वेळा तिची गरज पडेल, ते आपणच ठरवा.

बारा नंबरचा पाना :

वरच्या दोघांनी इंजिनाला हात लावला नाही, म्हणून तो भाग मी घेतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला जेवढी ताकद हवेवर खर्च होते, तिच्या सुमारे अडीचपट ११०ला होते. बाजूंना दोन पेट्या लावल्या की त्यातही भर पडते. हिमालयनचे ४५२ सीसीचे इंजिन सुमारे ४० हॉर्सपॉवर आणि ५,५०० आरपीएमला ४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ताशी ९०-१००च्या आत दोघांना ते बिनतक्रार ओढते. वर जाऊन दिवसभर त्याच वेगाने रेटायचे असेल तर ते चालते, पण सारखे राबत असल्याचे जाणवते. सिंगलमध्ये कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असला तरी बारीक कंप हँडलमध्ये आणि पायदांडीत राहतोच. एनएक्सचे ४७१ सीसीचे ट्विन ४७ हॉर्सपॉवरचे आहे. हा ४७चा आकडा अनेक गाड्यांत दिसतो, कारण युरोपातील ए२ या मधल्या दर्जाच्या दुचाकी परवान्याची मर्यादा ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण तितकीच आहे. कागदावर फरक सात हॉर्सपॉवरचा, पण लांबच्या रस्त्यावर मनगटाला जाणवणारा फरक मुख्यतः कंपाचा असतो. व्ही-स्ट्रॉमचे ६४५ सीसीचे व्ही-ट्विन सत्तरच्या घरात आहे आणि जोडप्यासाठी या यादीत सर्वांत आरामशीर इंजिन तेच. इथे माझे जुन्या सारथींशी थोडे पटत नाही: ज्याला वर्षातले दहा हजार किलोमीटर डांबरावर मागे माणूस बसवून जायचे आहे, त्याने वीस किलो जास्त आहेत म्हणून ती लगेच बाद करू नये.

मात्र सेकंडहँड गाडी नीट तपासून घ्यावी. मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. बरोबर मध्यावर ते किंचित अडकल्यासारखे वाटले तर स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खाच पडली आहे. मग मागचे चाक फिरवत चेनचा ताण तीन-चार ठिकाणी पाहावा. एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट असेल तर चेन संपली. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर चालते त्या चक्रांचे, दात एका बाजूला वाकडे झाले असतील तर पूर्ण संच बदलावा लागेल. टायरवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी भरपूर दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. व्ही-स्ट्रॉमच्या व्हॉल्व्हची तपासणी दर २४,००० किलोमीटरला असते, आणि ती झाल्याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर तो खर्च मनातल्या मनात किमतीत धरावा. एनएक्सचेही तेवढेच अंतर आहे.

परवडण्याचा हिशेबही नुसत्या किमतीवर थांबत नाही. इंजिनाचा गार्ड, खालची संरक्षक पत्रा-पट्टी, सामानाची चौकट, पेट्या, बूट, जॅकेट हे सगळे मिळून गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका तोडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांची चौकट रिकामीच पंधरा-वीस किलोंची असते. कापडी पिशव्या त्याच्या पाव वजनात येतात, आणि खडीवर पाय टेकवताना पोटरी मागच्या पेटीखाली सापडण्याची भीतीही राहत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कमाल मान्य वजन दिलेले असते. त्यातून गाडीचे वजन वजा करून पाहा. दोघे, कपडे-बूट आणि सामान मिळून १७०-१८० किलो सहज होतात आणि पुष्कळ मध्यम गाड्यांची मर्यादा तिथेच जवळपास संपते.

वाटसरू :

सर्वांचे आभार. दोन रविवार यात घालवले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

बूट घालून, पत्नीला मागे बसवून तीन गाड्यांवर बसलो. हिमालयनची सीट खालच्या खुंटीवर ठेवली तेव्हा दोन्ही चवडे टेकले. एनएक्सवरही टेकले, आणि तिथे टाचा जमिनीपासून दोन बोटेच वर राहिल्या. जुनी ३९० अंदाज केल्याप्रमाणे गळाली. व्ही-स्ट्रॉमच्या दोन गाड्या पाहिल्या. एकीच्या हँडलमध्ये मध्यावर ती खाच स्पष्ट लागली. विक्रेता म्हणाला, ‘ती आधीपासूनच तशी आहे.’ दुसरीचे टायर नऊ वर्षांचे निघाले. त्यामुळे तो विषय तूर्त सोडला.

उरल्या दोन. पत्नी प्रत्येकीवर अर्धा तास मागे बसली आणि तिने एनएक्सच्या बाजूने कौल दिला. हिमालयनवर तासाभरानंतर पाय मुंग्यांनी भरतील असे तिला वाटले. एकटाच फिरणार असतो तर ट्यूबलेस चाकांची हिमालयन घेतली असती, हे कबूल करतो. मागच्या एबीएसची कळ मला मनापासून हवी होती. पण सोबत कायम दोघांचीच असते, आणि कंपाचा मुद्दा तिलाही लागू आहेच. पेट्यांऐवजी कापडी पिशव्या घेतो आहे.

राहिला चौथा प्रश्न. एका मित्राकडे जुनी सीबी ५००एक्स आहे. ती आम्ही जुन्या गादीवर हळूच आडवी केली आणि तो हात बांधून बाजूला उभा राहिला. पहिल्या खेपेला मी गादीसकट घसरलो. दुसऱ्या खेपेला ती गुडघ्याएवढी उठून पुन्हा खाली गेली, कारण मी पाठ वाकवली होती. तिसऱ्या खेपेला साइड स्टँडवर उभी राहिली.